संशोधनाचे भित्तिपत्रक

भित्तिपत्रकावर बोलण्याचा आमचा अधिकार कोणता, अशी शंका श्रोत्यांना येणे साहजिक आहे. विद्यापीठाच्या पायऱ्या आम्ही चढलो त्या निवेदन देण्यासाठी, पदवी घेण्यासाठी नव्हे. शाळा आठवीत सुटली आणि पुढचे शिक्षण युनियनच्या कचेरीत, कायद्याची पुस्तके चाळता चाळता झाले. परंतु भिंतीवर कागद चिकटवून चालत्या माणसाला थांबवायचे, हा उद्योग आम्ही तीस वर्षे केला आहे. महाविद्यालयांतून हल्ली मुलांना ‘पोस्टर’ म्हणून जे करावयास सांगतात, तेही अखेर हेच आहे. म्हणून हा विषय घेतला.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या खारबावची एक मुलगी गुंडाळलेले फ्लेक्स काखेत घेऊन घरी आली. भिवंडीच्या महाविद्यालयात शिकणारी, वडील यंत्रमागावर. मागांच्या आवाजाने विणकरांच्या कानांवर काय परिणाम होतो, ह्याची तिने प्रश्नावली घेऊन पाहणी केली होती. महाराष्ट्रातील विद्यापीठांत २००६ सालापासून ‘आविष्कार’ नावाचे संशोधन संमेलन भरते. त्यात आपले काम आधी भित्तिपत्रकावर मांडावे लागते. त्यासाठीचे हे पत्रक. “काका, एकदा नजर घाला,” म्हणाली.

आम्ही ते ओसरीच्या भिंतीला लावले. तिचे वडीलही बरोबर आले होते. त्या गृहस्थाने वरपासून खालपर्यंत पत्रक पाहिले, मान हलवली आणि म्हणाले, “पोरीने लय मेहनत केलीय, भाऊ.” एवढेच. त्यांच्या स्वतःच्या कानांचा निकाल त्या पत्रकात होता आणि तो कोठे आहे हे त्यांना सापडले नाही. माणूस अडाणी नाही. रोज वर्तमानपत्र वाचतो. आम्हालाही तो निकाल चष्मा पुसून शोधावा लागला. तिसऱ्या रकान्याच्या तळाशी, आभारांच्या वर, दोन ओळींत होता.

दोष मुलीचा नव्हता. तिने आपला चाळीस पानांचा अहवाल घेतला, त्याचे तुकडे केले आणि एका फ्लेक्सवर चिकटवले. प्रस्तावना, उद्दिष्टे, गृहीतके, पूर्वसंशोधनाचा आढावा, पद्धती, तक्ते, निष्कर्ष, सगळे क्रमाने. अहवाल हा बसून वाचावयाचा असतो. पत्रकापुढे माणूस उभा असतो, त्याच्या उजव्या-डाव्या बाजूंना आणखी पन्नास पत्रके असतात, आणि पाय दुखत असतात. परिषदांतून ही पद्धत आली तीच मुळी गर्दीमुळे. १९६९ साली माद्रिद येथे युरोपातील जीवरसायनशास्त्रज्ञांच्या परिषदेत आणि १९७४ साली अमेरिकेत ती रुजू लागली. सांगणारे फार, व्यासपीठे थोडी. तेव्हा प्रत्येकाला भिंतीचा एक तुकडा द्यावा आणि येणाऱ्याजाणाऱ्याने उभ्याउभ्या विचारावे, अशी सोय निघाली. भित्तिपत्रक म्हणजे संभाषणाची सुरुवात. ती सुरुवातच जर तीन हजार शब्दांची असेल तर संभाषण होणार कधी?

हे आम्ही दुसऱ्यास शिकवतो, पण शिकलो ठेच लागून. नव्वदच्या दशकात यंत्रमाग कामगारांच्या सभेसाठी आम्ही एक पत्रक काढले. मागण्या अकरा होत्या, त्या सर्व घातल्या. प्रत्येक कार्यकर्त्याची एकेक लाडकी मागणी होती, कोणाची गाळावी? प्रती पाचशे. सभेला माणसे आली ती अंगावर मोजण्याइतकी. नंतर एक कांडीवाला पोरगा म्हणाला, “सभा होती? आम्हाला वाटले कारखान्याचे नियम लावलेत.” सभेची वेळ अकराव्या मागणीखाली बारीक टाइपात होती. शिवाय भिवंडीचा विणकर कोणी उत्तर प्रदेशचा, कोणी बिहारचा, कोणी तेलंगणाचा पद्मशाली. आमचे शुद्ध मराठी वाचणार कोण? पुढच्या पत्रकावर आम्ही एक घड्याळ काढले, सात वाजल्याचे, आणि खाली तीन लिप्यांत एकेक ओळ.

तेव्हा पहिले काम संगणक उघडण्याचे नाही. पहिले काम असे, की आपल्याला काय आढळले ते एका वाक्यात, क्रियापदासह, घरच्या माणसाला सांगावे. मुलीच्या पत्रकाचे शीर्षक होते: ‘भिवंडी परिसरातील यंत्रमाग कामगारांच्या श्रवणक्षमतेवरील ध्वनिप्रदूषणाच्या परिणामांचा एक चिकित्सक अभ्यास’. ह्यात विषय आहे, निकाल नाही. आम्ही तिला विचारले, “तुला सापडले काय?” ती म्हणाली, “जितकी वर्षे मागावर, तितके कमी ऐकू येते.” आम्ही म्हटले, हेच वर लिही, मोठ्या अक्षरांत.

परंतु लिहिण्याआधी ते खरे आहे काय, हे पाहणे भाग होते. आणि येथे आमची सायंकाळ गेली. तिने कोणाचे कान यंत्राने तपासले नव्हते. तिने कामगारांना विचारले होते आणि त्यांनी सांगितले होते. म्हणजे तिला सापडले ते ऐकू येणे नव्हे, ऐकू न येण्याची तक्रार. हे दोन्ही एक नव्हेत. आवाजाने कान जातो तेव्हा आधी उंच स्वर जातात, साधारण चार हजार हर्ट्झच्या आसपासचे. बोलण्यातला बराचसा भाग त्याच्या खाली असल्याने माणसाला बरीच वर्षे पत्ताच लागत नाही. कळते तेव्हा गेलेले परत येत नाही. म्हणजे जो ‘मला नीट ऐकू येते’ असे सांगतो, त्याचाही कान बिघडलेला असू शकतो. उलट बाजूही पाहावयास हवी. ज्याची मागावरची वर्षे जास्त, त्याचे वयही जास्त. आणि वयानेही कान मंद होतो. तिच्या पाहणीत वयाचा हिशेब वेगळा केलेला नव्हता.

ह्यावर मुलगी खट्टू झाली. “मग काही उरलेच नाही, काका.” आम्ही म्हटले, उरले ते पुष्कळ आहे, फक्त त्याचे नाव बदलायचे. नवे शीर्षक ठरले: ‘मागावरची वर्षे वाढली, तशी कमी ऐकू येण्याची तक्रार वाढली’. आणि त्याच्याखाली, लपवून नव्हे, ठळक अक्षरांत दोन वाक्ये: कानांची तपासणी केलेली नाही, वयाचा परिणाम वेगळा काढलेला नाही. कामगारांच्या बाजूने बोलणाऱ्यांनी हे पथ्य विशेष पाळावे असा आमचा अनुभव आहे. मालकाच्या वकिलाला एक फुगवलेला आकडा सापडला, की तो खऱ्या दहा आकड्यांनाही तुडवतो. १९४८ च्या कारखाने कायद्याखाली डॉक्टरने कळवावयाच्या रोगांच्या यादीत आवाजामुळे येणारा बहिरेपणा घातला गेला आणि कापसाच्या धुळीने होणारा फुप्फुसांचा रोगही घातला गेला. ती यादी घोषणांनी झालेली नाही, मोजणीने झाली आहे.

आता आकडे आणि चित्रे. हा भाग आम्हाला सर्वांत प्रिय आहे, तेव्हा थोडे रेंगाळलो तर श्रोत्यांनी क्षमा करावी. मुलीचे आकडे तिचे आहेत, ते येथे मांडत नाही. त्याऐवजी महाराष्ट्रातील एक जुने उदाहरण घेऊ.

पुण्याच्या शेतकी महाविद्यालयाचे प्राचार्य डॉ. हॅरॉल्ड मॅन ह्यांनी पुण्याजवळच्या पिंपळे सौदागर ह्या गावाची कसून पाहणी केली आणि १९१७ साली ती ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली. आज ते गाव पिंपरी-चिंचवडमध्ये उंच इमारतींखाली गेले आहे; त्या वेळी ते शेतकऱ्यांचे खेडे होते. मॅन ह्यांनी दाखवून दिले, की गावातील एका खातेदाराची सरासरी जमीन १७७१ साली ४० एकर होती, १८१८ साली साडेसतरा एकर, आणि १९१५ च्या सुमारास ७ एकर. अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांतून हे आकडे पुढे पुष्कळ फिरले. भित्तिपत्रकाला असे तीन आकडे म्हणजे पुरेपूर माल आहे. पण काढावयाचे कसे?

पहिला मोह शेते काढण्याचा होतो: एक मोठा चौकोन, एक मधला, एक लहान. चित्रकार पटकन पट्टी घेतो आणि मोठ्या चौकोनाची बाजू ४० सेंटिमीटर, लहानाची ७ सेंटिमीटर धरतो. येथे घात होतो. डोळा बाजू पाहत नाही, पसारा पाहतो. आणि ४० च्या चौकोनाचा पसारा ७ च्या चौकोनाच्या जवळजवळ तेहतीसपट असतो. खरा फरक सहापटीहूनही कमी आहे. चौकोनच काढावयाचे असतील तर मोठ्याची बाजू २४ घ्यावी आणि लहानाची १०. मग पसारा बरोबर पावणेसहा पटींच्या आसपास येतो. त्याहून सोपे म्हणजे सरळ पट्ट्या काढाव्या, एकाच रुंदीच्या, शून्यापासून सुरू होणाऱ्या.

ह्या बाबतीत व्हिएन्नाच्या ऑटो नॉयराट ह्यांचे नाव घेतलेच पाहिजे. १९२५ साली त्यांनी त्या शहरात समाज आणि अर्थव्यवहार ह्यांचे संग्रहालय उभारले, ते साध्या कामकरी माणसांना समजावे म्हणून. त्यांचा नियम असा, की मोठी संख्या दाखवायची तर चित्र मोठे करू नये, चित्रे जास्त काढावी. दुप्पट कामगार म्हणजे दुप्पट उंचीचा राक्षस नव्हे, त्याच उंचीची दोन माणसे. गेर्ड आर्न्ट्स नावाच्या चित्रकाराने त्यांच्यासाठी ही ठसठशीत चित्रे कोरली. पिंपळे सौदागरचे चित्र ह्या रीतीने काढले, तर एकेका एकराचा एक ठोकळा: वरच्या ओळीत चाळीस, मग साडेसतरा, मग सात. मोजून पाहावे ज्याला शंका असेल त्याने.

दुसरी गोष्ट काळाची. तीन पट्ट्या सारख्या अंतरावर उभ्या केल्या की घसरण एकसारखी पायरी-पायरीने झाली असे दिसते. आम्ही स्वतः हे आकडे सभांतून सांगितले आहेत: इंग्रजांच्या राज्यात शेतकऱ्याच्या चाळीस एकरांचे सात झाले! टाळ्याही घेतल्या. पुढे एकदा पाऊस पडत होता, सभा रद्द झाली होती, म्हणून चौकटीच्या कागदावर तेच आकडे वर्षांच्या खऱ्या अंतरांनी मांडून पाहिले. १७७१ ते १८१८ ही वर्षे सत्तेचाळीस. १८१८ ते १९१५ ही सत्त्याण्णव. पहिल्या सत्तेचाळीस वर्षांत साडेबावीस एकर गेले, पुढच्या सत्त्याण्णव वर्षांत साडेदहा. पटीने पाहिले तरी जमीन निम्म्याहून खाली येण्यास पहिल्या खेपेस लागला त्याच्या दुप्पट काळ दुसऱ्या खेपेस लागला. आणि १८१८ हे तर पेशवाई बुडाल्याचे साल. म्हणजे उताराचा मोठा भाग इंग्रजांची सत्ता येण्याआधीच होऊन गेला होता. आम्ही टाळ्या घेतल्या त्या चुकीच्या वाक्यावर. इंग्रजी राज्याविषयीचे आमचे मत त्यामुळे बदलले नाही. पण त्या मतासाठी दुसरा पुरावा शोधावा लागला. कागदावर आकडे नीट मांडले तर ते मांडणाऱ्यालाच आधी उलटून प्रश्न विचारतात. आणि हेही विसरू नये, की हे एका गावाचे आकडे आहेत; पत्रकावर गावाचे नाव चित्राच्या अगदी लगत हवे.

मुलीच्या पत्रकात ह्याच जातीचा एक पेच होता. आवाज डेसिबलांत मोजतात. तिने दोन पट्ट्या काढल्या होत्या, ९० आणि १००. दिसावयास जवळजवळ सारख्याच. पण डेसिबलची मोजणी साधी नव्हे. दर दहा डेसिबलांना आवाजाची शक्ती दहापट होते. पट्टी हे सांगू शकत नाही. तेथे चित्र काढून टाकले आणि वाक्य लिहिले: मागाजवळ हाताच्या अंतरावरील माणसाशी ओरडून बोलावे लागते. ज्याने धोट्याचा खडखडाट ऐकला आहे त्याला पुरे, आणि ज्याने ऐकला नाही त्यालाही पुरे.

अक्षरांविषयी थोडे. शीर्षक पंधरा फुटांवरून वाचता आले पाहिजे, बाकीचा मजकूर चार-पाच फुटांवरून. छापखान्याच्या मापात बोलायचे तर मजकूर २४ पॉइंटांच्या खाली नको, म्हणजे सुमारे एक तृतीयांश इंच. शीर्षक त्याच्या चौपट तरी. इंग्रजीच्या मापाने मराठी ओळी लावू नयेत. आपल्या अक्षराला वर वेलांटी आणि रफार, खाली उकार आणि रुकार. ओळी दाटल्या की वरच्याचा उकार खालच्याच्या मात्रेत अडकतो. जोडाक्षरे बारीक टाइपात गिचमिड होतात. ओळींमध्ये सढळ जागा सोडावी आणि ओळ लांब करू नये. सगळा मजकूर पाचशे शब्दांच्या आत बसवावा. तीनशेत बसला तर उत्तम.

एक युक्ती सांगतो, तिला पैसा लागत नाही. मोठ्या पत्रकाचा नेहमीचा ए-झिरो आकार (८४१ बाय ११८९ मिलिमीटर) नेहमीच्या ए-फोर कागदाच्या लांबी-रुंदीच्या बरोबर चौपट असतो. तेव्हा सगळे पत्रक आधी ए-फोर कागदावर छापून घ्यावे आणि हात लांब करून धरावे. वाचता आले, तर मोठे पत्रक चार हातांवरून वाचता येईल. आले नाही, तर शब्द कमी करावे. अक्षर लहान करू नये. आयोजकांनी निराळा आकार ठरवला असेल तर अर्थातच तो पाळावा, आणि संगणकावर पानाचे माप पहिल्यापासूनच तेच ठेवावे.

छपाईत नेहमी तीन घात होतात. जुन्या फाँटमध्ये टाइप केलेला मजकूर फ्लेक्सवाल्याच्या संगणकावर फुटतो आणि वेलांट्या भलत्याच अक्षरांवर बसतात. म्हणून युनिकोडमध्ये लिहावे आणि फाँट आत बसवलेली पीडीएफ द्यावी. मोबाइलवरून निरोपानिरोपी करत आलेले छायाचित्र लहान पडद्यावर छान दिसते आणि मोठे केले की त्याची पिठी होते. एक फूट रुंद छापावयाचे तर रुंदीत अठराशे बिंदू तरी हवेत. आणि पडद्यावरचा झगझगीत रंग छापल्यावर मंद होतो. लाल आणि हिरवा ह्यांवर भेद अवलंबून ठेवू नये. पुष्कळ पुरुषांना त्या दोहोंतील फरक दिसत नाही. रंग दोन पुरेत. पत्रकाच्या मागे सूर्यास्ताचा किंवा कारखान्याचा फिका फोटो घालण्याची जी खोड पसरली आहे, ती आमच्या मते लग्नपत्रिकेतून आली आहे. ती तेथेच शोभते.

२०१९ साली माइक मॉरिसन नावाच्या अमेरिकन संशोधकाने ह्या सर्वांवर एक जालीम उपाय सुचवला: मध्ये नुसते निकालाचे एक वाक्य, प्रचंड अक्षरांत, आणि बाकी सर्व कडेला, सविस्तर हवे त्याने मोबाइलने चौकोनी संकेत टिपून वाचावे. पुष्कळांनी ते उचलले, पुष्कळांनी नाके मुरडली. आम्हाला वाक्य मोठे करणे पटते, पण पुरावा दृष्टीआड करणे पटत नाही. ज्याला निकाल सांगितला त्याला, तेथेच उभ्याउभ्या, ‘हे कशावरून?’ विचारता आले पाहिजे. एक वाक्य आणि त्याच्या शेजारी एक चित्र, एवढे तरी डोळ्यांसमोर असावे.

पत्रकाशेजारी उभे राहणे हे निम्मे काम आहे. मुलीला आम्ही सांगितले, की पत्रक वाचून दाखवू नकोस. ते भिंतीवर आहेच. पत्रक झाकून उभी राहू नकोस. कोणी थांबला तर दोन मिनिटांत सांग: काय विचारले, कोणाला विचारले, काय आढळले, काय ठाऊक नाही. मग गप्प राहा. गप्प राहणे कार्यकर्त्यांना जमत नाही, म्हणून हे मुद्दाम सांगितले. आणि परीक्षकाच्या प्रश्नाचे उत्तर येत नसेल तर ‘ते मी पाहिलेले नाही’ असे सरळ म्हण. गुण गेले तर जाऊ देत.

तिच्या बक्षिसाची हकीकत सांगणे हा ह्या लेखाचा विषय नाही. नवे पत्रक मात्र आमच्या ओसरीवर पुन्हा लागले. ह्या खेपेस मध्यभागी एक वाक्य, खाली मागावरच्या वर्षांप्रमाणे माणसांच्या चित्रांच्या चार ओळी. ज्यांनी तक्रार सांगितली ती माणसे भरीव, बाकीची पोकळ. एका कडेला, कोणाला कसे विचारले ते. तळाशी चार बोटे जागा कोरी राहिली होती. वडील समोर उभे राहिले. वाक्य वाचले, मग ओळी पाहिल्या, मग आपली वर्षे ज्या ओळीत येतात तिच्यावर बोट ठेवून भरीव माणसे मोजू लागले. मोजून झाल्यावर कानामागे हात धरून मुलीला म्हणाले, “पण आता तपासायचे कुठे?”

ते पत्रकात नव्हते. तिने फोन लावून सरकारी रुग्णालयात कान-नाक-घशाचे डॉक्टर कोणत्या वारी बसतात ते विचारले, आणि जाड स्केचपेनने तो वार आणि वेळ त्या कोऱ्या जागेत लिहिली.